वाढपी दिवा

फ्लॅटमध्ये खिडकी कुठे आहे, हे झाडाइतकं अचूक कोणी सांगत नाही. हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, टीव्हीशेजारी, महागड्या पांढऱ्या कुंडीत ठेवलेलं मिरचीचं रोप आठवड्यात मान तिरकी करतं, पंधरवड्यात कंबरेत वाकतं आणि महिन्याभरात फिकट, लांबलचक, काटकुळं होऊन ग्रिलच्या दिशेने निघतं. पाहुणे कौतुकाने म्हणतात, "अगं, किती उंच झालंय!" यजमानीणबाईही खूश होतात. खरं तर त्या रोपाची उपासमार चाललेली असते. उजेड सापडेपर्यंत जाडी, पानं, रंग हे सगळे खर्च बंद ठेवायचे आणि असेल नसेल ते बळ उंचीवर लावायचं, हा अंधारातल्या रोपाचा शेवटचा डाव.

माणसाच्या डोळ्याला हा उपास दिसत नाही, कारण डोळा फार समजूतदार आहे. मे महिन्यातल्या दुपारी अंगणात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, तर रात्री हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली दीडशे-दोनशे लक्स. फरक पाच-सहाशे पटींचा, पण डोळा दोन्हीकडे जुळवून घेतो आणि वर्तमानपत्र वाचतो. पानाला ही तडजोड जमत नाही. ते प्रकाशाचे कण मोजून घेतं. वनस्पतिशास्त्रात हा हिशेब मोलमध्ये ठेवतात: एका चौरस मीटरवर दिवसभरात किती मोल प्रकाश पडला. लेट्यूसला चांगलं वाढायला दिवसाला १२ ते १७ मोल लागतात, टोमॅटोला २० ते ३०. सोफ्याशेजारच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटखाली बारा तासांत जमा होतो तो जेमतेम ०.१ मोल. मनी प्लँट आणि स्नेक प्लँट कमी उजेडातही वर्षानुवर्षं तग धरतात म्हणून त्यांना 'इनडोअर' ही पदवी मिळाली आहे. ती आवड नसून सोशिकपणा आहे, हे त्यांना कुंडीत लावणाऱ्याने लक्षात ठेवावं.

उत्तरेकडच्या बाल्कनीची कथा आणखी करुण. मुंबई १९ अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे एरवी दुपारच्या उन्हाला पारख्या असलेल्या उत्तरमुखी कठड्याला नेमकं याच दिवसांत ऊन चाटून जायचं असतं. पहिले तीन-चार आठवडे ते चाटून जातंही. मग जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस येतो आणि उरलेला हप्ता ढग ठेवून घेतात.

अशा वेळी घरातला एक सदस्य, बहुधा निवृत्तीला टेकलेला किंवा लॉकडाउनमध्ये बागकामाने बाधलेला, ग्रो लाइट घेऊन येतो.

विजेच्या दिव्यावर झाड वाढवण्याचा उद्योग तसा जुना आहे. १८८० साली इंग्लंडच्या केंट परगण्यात दोन सधन, दाढीवाले, रिकामा वेळ सत्कारणी लावणारे गृहस्थ याच प्रश्नाच्या दोन टोकांना धरून बसले होते. टनब्रिज वेल्सजवळच्या आपल्या शेरवूड नावाच्या घरी अभियंते विल्यम सीमेन्स रात्री आर्कदिवा पेटवून झाडं वाढवत होते. दिवसा सूर्य आणि रात्री वीज अशी दुहेरी पाळी लावूनही झाडं दमत नाहीत, त्यांना विश्रांतीची गरज दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कारखानदाराने काढावा तसाच तो होता. उघड्या आर्कदिव्यासमोर पानं करपतात आणि मध्ये काच धरली की बचावतात, हेही त्यांनी पाहिलं. त्याच परगण्यातल्या डाउन गावात चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या कोंबांना टोप्या घातल्या होत्या. शेंड्यावर टोपी असली की कोंब उजेडाकडे वळत नसे. टोपी काढली की वळत असे. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकावं लागतं खालच्या भागाला. (सरकारी कचेरीत नोकरी केलेल्यांना यात नवल वाटणार नाही.) झाडांच्या हालचालींवरचं त्यांचं पुस्तक त्याच साली, १८८० मध्येच, निघालं.

सीमेन्सकडे दिवा होता, डार्विनकडे वळणारं झाड. दोघांच्या मध्ये जो प्रश्न राहून गेला तो आता डोंबिवलीच्या हॉलमध्ये उभा आहे: झाडं दिव्याकडे वळणार हे कबूल, पण दिवा एक आणि कुंड्या चौदा.

एका जागी टांगलेला दिवा अत्यंत पक्षपाती असतो. छोटा, उघडा दिवा पानांच्या वर एक फुटावर असेल, तर बरोबर खालच्या कुंडीला जेवढा उजेड मिळतो त्याचा दहावा हिस्सादेखील दोन फूट बाजूच्या कुंडीच्या वाट्याला येत नाही. एक तर अंतर वाढतं, आणि वर उजेड तिरका पडून पसरतो. दिवा उंच नेला तर भेदभाव कमी होतो, पण मग सगळ्यांचंच कमी होतं. अंतर दुप्पट केलं की दिव्याखालच्या कुंडीचा उजेड चौथाईवर येतो. महिन्याभराने पाहावं तर मधलं वांगं पानं मिटून त्रासलेलं, कडेचा पालक मान लांब करून मध्याकडे झुकलेला, आणि सगळी बाग घोळका करून कुजबुजत असल्याचा भास होतो.

यावरचा तोडगा मराठी माणसाला खरं तर फार आधी सुचायला हवा होता, कारण तो पिढ्यानपिढ्या पंगतीत जेवला आहे. वरणाचं पातेलं मांडवाच्या मधोमध ठेवून 'ज्याचा हात पोहोचेल त्याने घ्या' असं कोणी म्हणत नाही. वाढपी पातेलं घेऊन रांगेवरून फिरतो. फिरता ग्रो लाइट हा असाच वाढपी. छताला एक रेल, रेलवर छोट्या मोटरचं गाडं, गाड्याला टांगलेला दिवा. तो रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. साधारण सहा फुटांची रेल आणि मिनिटाला दोन ते चार फुटांची चाल. लग्नातला कोणताही वाढपी याहून घाईत असतो.

या चालीमागे थोडा विचार आहे. दिवा सरकत राहिला की सावल्याही सरकतात. एरवी वरच्या पानाच्या आड कायमचं बसलेलं खालचं पान दिवसातून अनेकदा उजेडात येतं. दिवा एका जागी ठरत नसल्यामुळे तो पानांच्या अधिक जवळ आणता येतो. डोक्यावरचा चटका लागेपर्यंत तो पुढे गेलेला असतो. आणि चांगल्या गाड्याला टोकाशी काही सेकंद थांबण्याची सोय असते. कारण मधल्या कुंडीला वाढपी येताना आणि जाताना दोन्ही बाजूंनी भेटतो, टोकावरच्या कुंडीला मात्र एकाच बाजूने. पंगतीच्या शेवटच्या पानावर बसून श्रीखंडाची वाट पाहिलेल्या कोणालाही हे यंत्र बनवणाऱ्याबद्दल आदर वाटेल.

हे गाडं मूळचं हजार वॅटच्या सोडियम दिव्यांच्या जमान्यातलं. ते दिवे उजेडाइतकीच उष्णता ओकत, त्यामुळे त्यांना फिरतं ठेवणं ही झाडांची गरज होती. अमेरिकेत घरातल्या घरात गुपचूप शेती करणाऱ्यांनी या दिव्यांना आणि त्यांच्या सरंजामाला मोठं गिऱ्हाईक मिळवून दिलं. ही शेती कोथिंबिरीची नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

त्यातलं एक प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. जानेवारी १९९२ मधल्या एका पहाटे, ओरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावी, सरकारी अधिकाऱ्यांनी गाडीत बसल्या बसल्या एका घरावर उष्णता दाखवणारा कॅमेरा रोखला. गॅरेजचं छप्पर आणि एक भिंत बाकीच्या घरापेक्षा गरम दिसली. त्याचाही आधार घेऊन वॉरंट निघालं, झडती झाली आणि आत गांजाची शंभराहून जास्त झाडं प्रखर दिव्यांखाली सुखाने नांदत असलेली सापडली. घरमालक कायलो यांनी वाद घातला तो झाडांबद्दल नव्हे, तर कॅमेऱ्याबद्दल. २००१ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला: वॉरंटशिवाय असं यंत्र लावून घराच्या आत डोकावणं ही बेकायदा झडतीच. निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलियांना काळजी अशी, की या यंत्राने घरातली बाई रोज रात्री किती वाजता गरम पाण्याची अंघोळ करते हेही बाहेरच्याला कळेल. छपराच्या उबेवरून घटनेचा अर्थ लावण्याची पाळी बागकामाने आणली, असं दुसरं उदाहरण आठवत नाही.

डोंबिवलीत यासाठी कॅमेरा लागत नाही. समोरच्या इमारतीतल्या काकू पुरेशा असतात. ग्रो लाइटच्या पहिल्या स्वस्त पिढीचा रंग गुलाबी-जांभळा होता, कारण हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश जास्त शोषतं हे खरं आहे. त्यावरून 'हिरवा प्रकाश झाडाला नकोच' असा निष्कर्ष निघाला आणि तो दिव्यांच्या खोक्यांवर छापलाही गेला. वास्तविक १९७२ मध्येच मॅक्री नावाच्या शास्त्रज्ञाने वेगवेगळ्या पिकांची पानं तपासून दाखवलं होतं, की हिरव्या प्रकाशाचाही पान बऱ्यापैकी वापर करतं. पण खोक्यावरचा मजकूर संशोधनापेक्षा टिकाऊ असतो. परिणामी तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीतून संध्याकाळी सातनंतर जांभळा उजेड पाझरू लागतो, तो उजेड वर हळूहळू डावीकडून उजवीकडे जातो, उजवीकडून डावीकडे येतो, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'बी विंगमध्ये काय चाललंय?' अशी विचारणा होते. उत्तरं तीन प्रकारची येतात: डान्स बार, डास मारायचं मशिन आणि "१९८५चा अमली पदार्थांचा कायदा आहे बरं का".

गुलाबी उजेडाचा आणखी एक तोटा म्हणजे त्यात हिरवी भाजी काळपट दिसते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नासाने 'व्हेजी' नावाची छोटी बाग बसवली, तेव्हा लाल आणि निळ्या दिव्यांबरोबर काही हिरवे दिवेही मुद्दाम घातले. झाडांपेक्षा ते अंतराळवीरांसाठी होते: खायचं पान खायच्या पानासारखं दिसावं म्हणून. ऑगस्ट २०१५ मध्ये तिथल्या मंडळींनी त्या बागेतलं लाल लेट्यूस अधिकृतपणे खाल्लं. दीड तासाला एक सूर्योदय पाहणाऱ्या लोकांनासुद्धा भाजीसाठी वेगळा दिवा लावावा लागला, हे उत्तरमुखी बाल्कनीवाल्यांनी जरूर वाचावं.

आता प्रत्यक्ष उभारणी. तयार रेल बाजारात मिळते. पण तयार वस्तू आणण्यात मध्यमवर्गीय संशोधकाला कमीपणा वाटतो. तो पुण्यात असेल तर तपकीर गल्ली गाठतो, मुंबईत असेल तर लॅमिंग्टन रोड. रेल म्हणून पडद्याचं अॅल्युमिनियम चॅनेल, गाडं म्हणून सरकत्या दाराची चाकं, आणि मोटर म्हणून, इथे खरी प्रतिभा दिसते, जुन्या मायक्रोवेव्हच्या ताटाखालची मोटर. ती आपल्याकडच्या विजेवर मिनिटाला पाच फेरे घेते. तिच्यावर चार सेंटिमीटर व्यासाची पुली बसवली तर दोरी मिनिटाला त्रेसष्ट सेंटिमीटर, म्हणजे दोन फुटांच्या किंचित वर सरकते. कंपनीच्या महागड्या गाड्याची चाल भंगारातून बरोब्बर साधली, या आनंदात संशोधक सहकुटुंब चहा घेतो.

अडचण नंतर कळते. या मोटरला सुरू होताना कोणत्या दिशेला फिरायचं याचं मत नसतं. वीज आली त्या क्षणी चुंबक जसा सापडेल तशी ती निघते. मायक्रोवेव्हमध्ये ताट डावीकडे फिरलं काय आणि उजवीकडे फिरलं काय, आमटी गरम होते. रेलवर मात्र दिवे गेले आणि आले की सूर्य पश्चिमेकडून निघायची शक्यता निम्मी. त्याच मोटरचा दुसरा गुण असा, की वाटेत अडली तर ती बहुधा उलटी फिरते. त्यामुळे टोकाला एक रबरी अडथळा लावला की परतीच्या प्रवासाची सोय फुकटात होते. 'बहुधा' हा शब्द महत्त्वाचा. एखाद्या दुपारी ती अडथळ्यापाशी उभी राहून कुरकुरत बसते आणि संध्याकाळपर्यंत टोकाच्या ओव्याला सगळ्या पंगतीचं वरण मिळालेलं असतं.

मोटरचा प्रश्न सुटला तरी वायरचा उरतो. फिरत्या दिव्याचा सगळा दिमाख वायरवर अवलंबून असतो, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. दिवा पुढे गेला की वायर ताणली जाते, मागे आला की लोंबते, लोंबली की मिरचीच्या शेंड्यात अडकते, आणि मग दिवा मिरचीसकट प्रवासाला निघतो. जाणकार लोक पडद्याच्या कड्यांमधून वायर ओवून तिला घड्या पडतील अशी टांगतात, म्हणजे ती पडद्यासारखी उघडते आणि मिटते. प्लगपाशी वायरला खाली झोल ठेवतात, म्हणजे कुंडीला घातलेलं पाणी ओघळत आलंच तर झोलापाशी ठिबकेल, बोर्डात शिरणार नाही. वीज गळताच पुरवठा तोडणारं आरसीसीबी लावून घेतात. २३० व्होल्ट आणि झारी यांचा संसार एका खोलीत मांडताना एवढी बोलणी आधी झालेली बरी.

छताच्या मधोमध पंखा असतो, हेही ड्रिल हातात घेतल्यावरच आठवतं. पंखा आणि रेल एका छताखाली नांदू शकतात, पण दिवा पात्यांच्या वर राहिला तर खाली उजेड-अंधाराचा तमाशा सुरू होतो आणि घरातल्या ज्येष्ठांना गरगरतं. दिवा पात्यांच्या खाली आणावा लागतो, म्हणजे उंच जावयाच्या कपाळाच्या पातळीवर. पंखा बंद ठेवावा तर तेही झाडांच्या मुळावर येतं. वाऱ्याने हललेलं खोड आखूड आणि दणकट होतं, निवांत हवेतलं नुसतं लांबतं. तेव्हा पंखा चालू, दिवा चालू आणि जावयाला आधी फोन.

घरची माणसं मात्र आठवड्याभरात या गृहसूर्याला सरावतात आणि त्याचा उपयोग शोधून काढतात. "अहो, तुमचा सूर्य देवघरावर आला की जरा थांबवा, मला समई पुसायची आहे." डाळ निवडणाऱ्या आजी खुर्ची घेऊन दिव्याबरोबर सरकत जातात. शेजारचा मुलगा प्रोजेक्टसाठी फोटो काढून नेतो. बागेचा मालक खालच्या मानेने वहीत आकडे लिहीत राहतो.

त्या वहीतला एक हिशेब इथे मांडायला हरकत नाही. १०० वॅटचा चांगला एलईडी दिवा सेकंदाला साधारण २०० मायक्रोमोल प्रकाश देतो. तो सगळा एका चौरस मीटरवर बारा तास पडला तर दिवसाचे ८.६ मोल होतात. पालेभाजीला हे जरा कमीच, पण पोट भरण्यासारखं. आता हाच दिवा रेलवर चढवून दोन चौरस मीटरवर फिरवला, तर प्रत्येक कुंडीच्या वाट्याला ४.३ मोल. वाढपी कितीही निःपक्षपाती असला तरी पातेलं तेवढंच. पूर्वी निम्मी पंगत जेवायची, आता सगळी पंगत अर्धपोटी उठते. दिवा फिरवण्याचा फायदा होतो तो मधल्या कुंडीवर उजेडाचा नुसता अपव्यय चालला असेल तेव्हा. पानाची भूक ठरलेली असते, त्यापुढे वाढलेला उजेड वाया जातो. तो उचलून दुसऱ्याच्या पानात घातला तर बागेचं एकूण भलं होतं. हजार वॅटच्या दिव्याखाली असा अपव्यय भरपूर होता. शंभर वॅटच्या दिव्याखाली वाया जाण्याइतकं उरतंच कुठे? आणि आताच्या एलईडी पट्ट्या मुळातच लांब, रांगेवर पसरलेल्या असतात. प्रत्येकाच्या ताटासमोर छोटी छोटी पातेली मांडून ठेवल्यावर वाढप्याला काम राहत नाही. मोठ्या व्यावसायिक बागांनी हे केव्हाच ओळखलं. हौशी माणसाला मात्र हलणाऱ्या वस्तूची ओढ असते, आणि स्थिर पट्टी बघायला पाहुणे येत नाहीत.

दिव्याऐवजी झाडंच फिरवली तर? आपल्याकडे हे आजीबाई करतच आल्या आहेत: दर रविवारी कुंडीला पाव फेरा द्यायचा, की रोप सरळ राहतं. सिंगापूरने याचं मोठं यंत्र केलं. तिथल्या स्काय ग्रीन्स या शेतात २०१२ पासून नऊ मीटर उंचीच्या मनोऱ्यांवर पालेभाज्यांचे वाफे हळूहळू वरखाली फिरू लागले, म्हणजे प्रत्येक वाफा आळीपाळीने माथ्यावर जाऊन ऊन खाऊन येई. पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या त्या मनोऱ्याला वीज लागे ती एका साध्या बल्बइतकी. ऊन अर्थात फुकट.

पण प्रत्येक झाडाला ही गिरकी मानवत नाही. सूर्यफुलावरचा एक सुंदर प्रयोग २०१६ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. कोवळी सूर्यफुलं दिवसभर सूर्यामागे मान फिरवतात आणि रात्रीतून पुन्हा पूर्वेकडे तोंड करून बसतात. संशोधकांनी काही कुंड्या रोज उलट्या दिशेला फिरवून ठेवल्या, तर ती झाडं बाकीच्यांपेक्षा कमी वाढली. मग त्यांनी बंद खोलीत एकामागून एक दिवे लावून खोटा सूर्य पूर्वेकडून पश्चिमेकडे चालवला. चोवीस तासांच्या दिवसात फुलांनी त्याचा नीट पाठलाग केला. दिवस तीस तासांचा केल्यावर मात्र त्यांचं तंत्र बिघडलं. झाडाच्या आत स्वतःचं घड्याळ आहे आणि ते सूर्याशी आधीच जुळवून ठेवलेलं आहे. डोंबिवलीतला सूर्य दर तीन मिनिटांनी उगवतो आणि मावळतो, त्यामुळे त्याच्या मागे मान फिरवायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

घड्याळाचा खरा इंगा कोथिंबीर दाखवते. 'जास्त उजेड, जास्त भाजी' या न्यायाने टायमर सोळा तासांवर लावला जातो. कोथिंबिरीला आणि पालकाला लांब दिवस म्हणजे उन्हाळा आल्याची वर्दी वाटते. मग ही दोन्ही झाडं पानं वाढवायचं थांबवतात, उंच दांडा काढतात आणि फुलोऱ्यावर येतात. चार काड्या कढीवर भुरभुराव्यात म्हणून केलेल्या एवढ्या खटाटोपातून हाती येतात ते धणे. १०० वॅटचा दिवा रोज बारा तास चालला तरी महिन्याला ३६ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर ३६० रुपये झाले, सोळा तासांचे ४८०. भाजीवाली हे ऐकून एक जुडी वर फुकट देते, सहानुभूती म्हणून.

शेवंतीचं याच्या उलट. तिला फुलायला लांब, सलग, अखंड रात्र लागते. रात्री मधेच उजेड दिसला तर ती दिवस लहान झालेच नाहीत असं समजून कळ्या धरायचं लांबवते. फुलांचे शेतकरी या भोळेपणाचा पुरेपूर फायदा घेतात: बाजारभाव नसेल तेव्हा मध्यरात्री दिवे लावून शेवंतीला थोपवून धरायचं आणि हव्या त्या हंगामाला मोकळं सोडायचं. त्यासाठी दिवा सतत जळायलाही लागत नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं, की थोडा वेळ चालू, थोडा वेळ बंद असा उजेडही शेवंतीला फसवायला पुरतो. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठात फिरत्या परावर्तकाच्या दिव्यावरही काम झालं. काचघरातल्या एका दिव्याचा झोत झाडांवरून पुन्हा पुन्हा ओझरता गेला तरी अनेक फुलझाडं रात्र मोडल्याची नोंद घेतात.

आणि इथे प्रकरण सोसायटीच्या सभेत येतं. समजा, बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरचा दिवा रात्री अकरापर्यंत रेलवरून येरझाऱ्या घालतो आहे. समजा, समोर ए विंगच्या बाल्कनीत जोशीकाकूंची शेवंती आहे, आणि दसरा-दिवाळी उलटूनही तिला कळी नाही. काकूंनी शेणखत घालून पाहिलं, चहाचा चोथा घालून पाहिला, दृष्ट काढून पाहिली. मग कृषी महाविद्यालयात शिकणारा भाचा येतो, बाल्कनीत उभा राहतो, समोरच्या खिडकीतला सरकता जांभळा झोत दोन-चार मिनिटं पाहतो आणि म्हणतो, "मावशी, तुझ्या झाडाला रात्र होतच नाहीये."

पाण्याचे टँकर, पार्किंग आणि लिफ्टचा करार आटोपल्यावर 'ऐनवेळचे विषय' या सदरात तक्रार मांडली जाते. दिव्याचे मालक वही उघडून मोल समजावून सांगू लागतात. सेक्रेटरी घड्याळाकडे बघतात. खजिनदारांना फक्त जिन्याच्या मीटरचा याच्याशी काही संबंध नाही ना, एवढंच हवं असतं. भाचा मध्यस्थी करतो: कोथिंबिरीला बारा तास पुष्कळ झाले, शेवंतीला बारा-तेरा तास अंधार हवा, तेव्हा सकाळी सात ते संध्याकाळी सात दिवा आणि पुढे पूर्ण काळोख. ठराव एकमताने संमत होतो. मात्र हॉलमधली साधी ट्यूबलाइट रात्री चालू राहणार असल्याने खिडकीला जाड पडदा लावावा, अशी उपसूचना येते. पडद्याचं चॅनेल रेलसाठी वापरून झालेलं असल्यामुळे नवीन चॅनेल कोणाच्या खर्चाने, या मुद्द्यावर सभा तहकूब होते.